श्वासाचे पाणी

बोटीवरच्या पहिल्या हिवाळ्यातली एक रात्र. पहाटेचे तीन वाजून गेले असतील. माझ्या कपाळावर एक गार थेंब पडला. झोपेतच मी तो पुसला, कूस बदलली, आणि थोड्या वेळाने दुसरा थेंब कानामागे पडला. बोटीवर राहणाऱ्या माणसाच्या अंगावर वरून पाणी पडले की त्याच्या मनात पहिल्यांदा गळतीचा विचार येतो, म्हणून मी उठून विजेरी घेतली आणि डोक्यावरच्या हॅचची, म्हणजे छतातल्या झडपेची, रबरी कड, तिचे स्क्रू, चारही कोपरे बोटाने चाचपून पाहिले. कोठेही फट नव्हती. बाहेर तापमान उणे आठ होते आणि डेकवरचा बर्फ दगडासारखा घट्ट बसला होता, म्हणजे वरून पाणी येण्याचा प्रश्नच नव्हता. मग विजेरीचा झोत हॅचच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर गेला आणि तिच्या खालच्या कडेला ओळीने लटकलेले थेंब दिसले. ते माझेच होते. संध्याकाळपासून मी जे श्वास सोडत होते, ते वर जाऊन थंड धातूवर बसत होते आणि पुरेसे जड झाले की परत माझ्याच अंगावर उतरत होते.

शिडाच्या बोटीवर बारा महिने राहायचे ठरवले तेव्हा मी तयारी केली होती ती थंडीची. लोकरीचे मोजे, पिसांची रजई, कानटोप्या, हातमोज्यांचे तीन जोड. बोट साधारण दहा मीटर लांबीची, फायबरग्लासची. ज्याने ती बांधली त्याच्या डोळ्यांसमोर उन्हाळ्यातल्या सफरी असणार, कारण तिच्या भिंती म्हणजे काही मिलिमीटर जाडीचे एक कवच आहे आणि त्या कवचाच्या पलीकडे थेट पाणी किंवा थेट वारा. आई फोनवर दर वेळी एकच विचारते, "थंडी वाजत नाही ना गं?" मी नाही म्हणते आणि ते खरेही असते. तिने कधी ओलीबद्दल विचारले असते तर मला जरा थांबून उत्तर द्यावे लागले असते.

थंडीला उतारा सोपा आहे. अंगावर आणखी काही चढवावे, नाहीतर शेगडी पेटवावी. ओलीचे तसे नसते, कारण ती बाहेरून येतच नाही. एक माणूस एका रात्रीत श्वासातून आणि त्वचेतून साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी हवेत सोडतो. घरात हे कळत नाही, कारण घर मोठे असते, त्याच्या भिंती ही वाफ शोषतात आणि दारे-खिडक्यांच्या फटी ती बाहेर नेतात. माझ्या केबिनमध्ये मिळून वीसएक घनमीटर हवा मावते. वीस अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम पाणी वाफ होऊन राहू शकते, म्हणजे माझ्या सगळ्या घरातल्या हवेची ऐपत फार तर साडेतीनशे ग्रॅमची. हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा हसूच आले. खिडक्या लावून, स्वयंपाक न करता, कपडे न वाळवता मी नुसती झोपले तरी सकाळपर्यंत माझ्या एकटीच्या श्वासाने ही खोली भरून वाहणार होती, आणि ती तशीच वाहत होती.

बरे, ती वाहते कोठे हेही पाण्याने स्वतःच ठरवलेले असते. वीस अंशांच्या हवेत निम्मी आर्द्रता असली तर तिचा दवबिंदू नऊ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे नऊ अंशांहून थंड असलेली प्रत्येक वस्तू त्या हवेतून पाणी ओढून घेते. बोटीवर अशा वस्तूंना तोटा नाही. हॅचच्या चौकटी, खिडक्यांच्या काचा, डेकमधून आरपार आलेले बोल्ट, भिंतीला लागून असलेल्या कपाटांची पाठ. डिसेंबरपर्यंत मला बोटीतल्या प्रत्येक बोल्टची जागा तोंडपाठ झाली होती, कारण छताच्या अस्तरावर त्याच्या नेमक्या खाली एक तपकिरी वर्तुळ उमटलेले असे.

सगळ्यांत वाईट प्रकार गादीखाली घडला. बोटीच्या पुढच्या टोकाला, ज्याला आपल्याकडचे दर्यावर्दी नाळ म्हणतात, तेथे माझी झोपण्याची जागा आहे. गादी एका फळीवर आणि फळी थेट बोटीच्या अंगावर. माझ्या शरीराची ऊब आणि ओल गादीतून खाली झिरपत होती आणि थंडगार फळीवर पोहोचली की पाणी होऊन तेथेच राहत होती. मला याचा पत्ता सहा आठवड्यांनी लागला, तोही वासावरून. गादी उचलली तर खालची बाजू काळ्या-हिरव्या बुरशीने भरलेली, आणि फळीवर अगदी माझ्या आकाराचा ओला डाग, खांदे, कंबर, टाचा ओळखू येतील असा. ती गादी टाकून द्यावी लागली. नव्या गादीखाली मी लाकडी पट्ट्यांची जाळी घातली, म्हणजे खालून हवा खेळते, आणि भिंतीला बंद पेशींच्या फोमचा थर चिकटवला. या फोममध्ये वाफ शिरत नाही आणि त्याचा आतला पृष्ठभाग गार पडत नाही. तरीही रोज सकाळी गादी उभी करून ठेवण्याचा नेम मी मोडत नाही. नेमाधर्माची मी फारशी नाही, पण हा एक नेम पाळते.

हे माझेच दुर्दैव नाही याचा पुरावा इतिहासात सापडला तेव्हा थोडे बरे वाटले. नॉर्वेचा फ्रिट्यॉफ नान्सेन १८९३ साली आपले 'फ्राम' हे जहाज मुद्दाम उत्तर ध्रुवसमुद्राच्या बर्फात अडकवून घ्यायला निघाला. बर्फ जसा सरकेल तसे जहाज सरकत जाईल असा त्याचा अंदाज होता, आणि तो तीन वर्षांनी, १८९६च्या ऑगस्टमध्ये जहाज मोकळे झाले तेव्हा खरा ठरला. कॉलिन आर्चरने बांधलेल्या त्या जहाजाच्या गोलसर तळाची कीर्ती मोठी आहे. बर्फाने दोन्ही बाजूंनी दाबले की जहाज चिरडण्याऐवजी वर उचलले जावे, यासाठी तो तसा केलेला होता. मला मात्र त्या तळापेक्षा नान्सेनने केबिनच्या भिंतींबद्दल लिहिलेले जास्त जवळचे वाटते. आधीच्या ध्रुवीय मोहिमांमध्ये माणसांच्या श्वासाची वाफ थंड भिंतींवर गोठायची किंवा ओघळून बिछान्यांत उतरायची आणि गाद्यांचे अक्षरशः बर्फाचे गोळे व्हायचे, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने भिंतींत डांबरी फेल्ट, बूच, फळ्या, पुन्हा फेल्ट आणि हवाबंद लिनोलियम असे थरावर थर घातले, छतात रेनडिअरचे केस भरले आणि वरच्या झरोक्याला तिहेरी काच बसवली. शेगडी पेटल्यावर भिंतींवर ओलीचा मागमूसही दिसत नाही, असे तो समाधानाने सांगतो. तेरा माणसे, तीन हिवाळे आणि कोरड्या भिंती! ध्रुवापर्यंत त्याला पोहोचता आले नाही याची लोक हळहळ करतात. मला विचाराल तर त्या भिंतींसाठीच त्याला मान द्यायला हवा.

माझ्या बोटीला इतके थर घालायला जागा नाही. त्यामुळे माझ्याकडे उरतो तो दुसरा उपाय, आणि तो इतका उलटा वाटतो की तो पटायला मला एक आख्खा हिवाळा लागला. ऊब हवी असेल तर खिडकी उघडी ठेवायची.

हे मला पहिल्यांदा सांगितले शेजारच्या बोटीवरच्या वृद्ध खलाशाने. वीसेक हिवाळे त्याने पाण्यावर काढलेले. त्याची बोट माझ्या बोटीहून लहान आणि जुनी, लाकडी, पण तिच्यात पाऊल टाकले की कोरड्या लाकडाचा वास येतो. मी त्याला विचारले, "तुम्ही आत काय वापरता? कोणते यंत्र?" त्याने वर बोट दाखवले. हॅच दोन बोटे उघडी होती आणि बाहेरून बर्फाचे कण आत येत होते. "आधी हे उघड आणि मग शेगडी पेटव," तो म्हणाला, "तू आजवर याच्या उलट करत असणार." मी तसेच करत होते. ऊब जाईल या भीतीने प्रत्येक फट मी चिकटपट्टीने बंद केली होती आणि मग आत स्वतःच्याच वाफेत शिजत होते.

या सल्ल्यामागचे गणित मात्र निर्विवाद आहे. उणे दहा अंशांची हवा कितीही ओली असली तरी तिच्या एका घनमीटरात जेमतेम सव्वादोन ग्रॅम पाणी असते. ती आत घेऊन वीस अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता बारा टक्क्यांच्या आसपास येते, आणि अशी तहानलेली हवा केबिनभर फिरून गाद्यांतले, लाकडातले, लोकरीतले पाणी पिऊन वरच्या झरोक्यातून निघून जाते. बाहेर जितका कडाका तितकी ही हवा कोरडी. खरे वाईट दिवस असतात ते शून्याच्या वर दोन-तीन अंशांचे, धुक्याचे, भुरभुर पावसाचे. त्या दिवसांत बाहेरची हवाही ओली आणि आतलीही. हिवाळा कडक पडावा अशी इच्छा करणारी माणसे मी फक्त बोटींवर पाहिली आहेत.

हवा आत यावी पण पाणी येऊ नये, यासाठी बोटींवर जी पेटी बसवतात तिचे नाव 'डोरेड' आहे. १९३० साली पाण्यात उतरलेल्या त्याच नावाच्या शर्यतीच्या बोटीवरून ते पडले. तिचा आराखडा करणारा ऑलिन स्टीफन्स तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता. पेटीच्या एका टोकाला वाऱ्याकडे तोंड केलेला कर्णा, मध्ये एक आडभिंत आणि दुसऱ्या टोकाला केबिनमध्ये उतरणारी नळी. पाणी कर्ण्यातून आत आले तरी आडभिंतीपाशी थांबते आणि खालच्या छिद्रांतून बाहेर निघून जाते. हवा तेवढी भिंतीवरून उडी मारून आत येते. माझ्या बोटीवर अशा दोन पेट्या आहेत आणि पहिल्या हिवाळ्यात मी त्या दोन्हींत जुने मोजे कोंबून ठेवले होते, हे शेजाऱ्याला मी अजून सांगितलेले नाही.

शेगडीबद्दल जरा विस्ताराने लिहायला हवे, कारण बोटीवरचा हिवाळा तिच्याभोवती फिरतो. नवखा माणूस पहिल्यांदा स्वयंपाकाचा गॅस पेटवूनच ऊब घेऊ पाहतो. मीही दोन रात्री तसे केले. पण प्रोपेन जळताना त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून त्याचे पाणी होते, आणि एक किलो प्रोपेनमागे सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन खोलीत उतरते. उबेसाठी पेटवलेली ज्योत भिंती भिजवते, हा विनोद मला तेव्हा कळला नव्हता. बोटीवर हवी ती धुराडे असलेली शेगडी, म्हणजे जळण्यातून झालेली वाफ आणि वायू नळीवाटे थेट बाहेर जातात. माझी शेगडी डिझेलवर चालते. टाकीतून थेंब थेंब डिझेल एका लहानशा भांड्यात पडते, तेथेच त्याची वाफ होऊन जळते आणि काचेमागे निळी-पिवळी ज्योत हलत राहते. पंख्याने गरम हवा फेकणारे हीटरही असतात. ते सोयीचे आहेत, पण त्यांना वीज लागते, आणि मध्यरात्री बॅटरी उतरली की ते एक कण्हल्यासारखा आवाज करून गप्प होतात. माझ्या शेगडीला वीज लागत नाही. तिचा लहरीपणा वेगळा आहे. वारा एका विशिष्ट दिशेने वाहू लागला की धुराड्यातून उलटा झोत येतो, ज्योत दबते आणि केबिनमध्ये काजळीचा वास पसरतो.

या धुराड्यानेच दुसऱ्या हिवाळ्यात माझा घात केला असता. रात्रभर हिमवृष्टी होत होती, वारा बर्फ उडवून केबिनच्या छतावर त्याचे ढीग रचत होता, आणि मी खाली उबेत झोपले होते. पहाटे अलार्म वाजू लागला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मी बसवला होता, पण तो कधी वाजेल असे मनापासून वाटले नव्हते. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यामुळे गुदमरणाऱ्या माणसाला आपण गुदमरतो आहोत हे कळतच नाही, त्याला फक्त झोप येते. मला डोके जड वाटत होते आणि अलार्म बंद करून पुन्हा पडावे असे तीव्रतेने वाटत होते. आज आठवले की घाम फुटतो तो या इच्छेच्या आठवणीने. शेगडी बंद करून मी हॅच वर ढकलली. ती हलली नाही. तिच्यावर बर्फ साठला होता आणि कडेला गोठला होता. मग पायऱ्यांकडच्या दाराच्या फळ्या मी खांद्याने ढकलून बाहेर पाडल्या आणि रात्रीच्या कपड्यांतच कॉकपिटमधल्या, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या खोलगट जागेतल्या, बर्फात गुडघे टेकून बसले. धुराड्याची टोपी बर्फाच्या ढिगात पूर्ण गाडली गेली होती. तेव्हापासून एक लाकडी मोगरी पायऱ्यांपाशी टांगलेली आहे. बर्फ पडत असेल त्या रात्री दर तीन तासांनी उठून धुराडे मोकळे करायचे आणि हॅच एकदा उघडून पाहायची, असा शिरस्ता झाला आहे. तान्ह्या मुलासाठी उठणाऱ्या आया काय म्हणतील ते म्हणोत.

वरचे पाणी असे, तर खालच्या पाण्याची तऱ्हा निराळी. गोडे पाणी चार अंशांना सर्वांत जड असते. त्याहून गार झालेले पाणी हलके होऊन वर राहते आणि शून्याला पृष्ठभागच आधी गोठतो, तळाशी मात्र ते चार अंश शिल्लक राहतात. मिठाचे समुद्राचे पाणी गोठायला उणे १.९ अंशांच्या आसपास जावे लागते. माझे बंदर एका नदीच्या मुखाशी आहे. नदीचे गोडे पाणी हलके म्हणून खाऱ्या पाण्यावर पसरते आणि समुद्राआधी गोठते. याचा एक अर्थ असा की बाहेर उणे पंधरा असताना माझ्या बोटीचा पाण्याखालचा भाग शून्याच्याच आसपासच्या पाण्यात असतो, म्हणजे तो भाग हवेतल्या भागाहून उबदार असतो. पाण्यात राहणे हे जमिनीवर ठेवलेल्या बोटीत राहण्यापेक्षा कमी गार, हे ऐकून कोणाचाही विश्वास बसत नाही.

बर्फ बोटीभोवती जमू लागला की काहीजण पाण्याखाली एक लहान पंप सोडतात. तो तळाचे कमी गार पाणी वर ढकलत राहतो आणि बोटीभोवती काळ्या पाण्याचे एक रिंगण मोकळे राहते. जाड, स्थिर बर्फाची मला तितकी धास्ती वाटत नाही. धोका असतो तो पातळ, हलत्या बर्फाचा. भरती-ओहोटीबरोबर तो पाण्याच्या रेषेवर पुढे-मागे सरकतो आणि बोटीचे अंग करवतीसारखे कापत जातो. शेजाऱ्याने तेथे फळ्या टांगल्या आहेत, त्याचे पाहून मीही टांगल्या.

बोटीच्या तळाला भोके असतात, हे बोट न पाहिलेल्या माणसाला सांगितले की तो दचकतो. इंजिन गार ठेवायला पाणी आत घेण्यासाठी एक, मोरीचे पाणी बाहेर सोडण्यासाठी एक, संडासाची दोन, कॉकपिटमधले पाणी वाहून जाण्याची दोन. प्रत्येकावर व्हॉल्व्ह आणि त्याला जोडलेली नळी. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, आणि या फुगण्यापुढे पितळ टिकत नाही, रबर तर नाहीच. वाईट म्हणजे फुटल्याचे तेव्हा कळत नाही, कारण बर्फच बूच होऊन बसलेला असतो. कळते ते बर्फ वितळल्यावर, पाणी आत येऊ लागल्यावर. म्हणून शरद ऋतू संपता संपता जे व्हॉल्व्ह बंद करता येतील ते बंद करून नळ्यांत बिनविषारी अँटिफ्रीझ, म्हणजे सहजी न गोठणारे द्रव, भरायचे. मोरीचे पाणी मी बादलीत धरते आणि हाताने बाहेर नेऊन टाकते.

कॉकपिटच्या भोकांनी मला एकदा चांगलेच फसवले. ती गोठून बंद झाली. वर बर्फ साठला, दुपारच्या उन्हात थोडा वितळला, रात्री पुन्हा गोठला, पुन्हा वर नवा बर्फ. चार दिवसांत कॉकपिट म्हणजे बर्फाने भरलेला एक हौद झाला आणि बोटीचा मागचा भाग दिसण्याइतका खाली गेला. डेकवर नुसता ताजा, भुसभुशीत बर्फ तीस सेंटीमीटर पडला तरी वीस चौरस मीटरमागे सहाशे किलोच्या घरात वजन होते, आणि हा तर गोठून घट्ट झालेला होता. धक्क्याला बांधलेल्या बोटी वादळाशिवाय बुडतात त्या अशाच. वजनाने खाली जातात, एरवी पाण्याच्या वर असलेले एखादे भोक पाण्याखाली येते आणि पुढचे काम शांतपणे होते. त्या दिवशी मी सहा तास फावडे चालवले. धातूचे फावडे वापरू नये, डेकला ओरखडे पडतात, हे मला चौथ्या तासाला कळले.

पिण्याच्या पाण्याबद्दल थोडक्यात. धक्क्यावरचे नळ हिवाळ्यात बंद असतात, त्यामुळे किनाऱ्यावरून दहा-दहा लिटरचे दोन डबे वाहून आणायचे. वीस लिटरमध्ये मी दोन दिवस काढते. विजेचे असे की शिसे-आम्लाची पूर्ण उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपास गोठू शकते, म्हणून ती उतरू द्यायची नाही. लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नाही, म्हणून तिला उबेतच ठेवायचे. हे एकदा अंगवळणी पडले की त्यात सांगण्यासारखे काही उरत नाही.

डबे वाहताना मात्र रोज एक गोष्ट मनात असते. धक्का लाकडी, त्यावर बर्फाची पातळ काच, दोन्ही हात अडकलेले आणि दोन्ही बाजूंना पाणी. शरीर थंड पाण्यात पडल्यावर काय होते याचे मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी एक सोपे सूत्र दिले आहे: १-१०-१. पहिल्या एका मिनिटात श्वासावर ताबा मिळवायचा, कारण थंडीच्या धक्क्याने माणूस आपोआप धापा टाकतो आणि तोंड पाण्याखाली असेल तर तेवढ्यात संपते. पुढची दहा मिनिटे हातपाय ऐकतात. बेशुद्ध व्हायला मात्र साधारण एक तास लागतो. म्हणजे माणूस गारठून मरण्याच्या पुष्कळ आधी त्याची बोटे शिडीची कांब पकडेनाशी होतात. म्हणून पाण्यात उतरणारी शिडी कोठे आहे हे अंधारातही ठाऊक असावे लागते, आणि अंगावर फुगणारे जॅकेट असावे लागते, अगदी कचरा टाकायला जातानाही. मी अजून पडलेले नाही. घसरले तीनदा.

अंधाराचे काय, असे बरेच जण विचारतात. साठाव्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीला दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, आणि बोटीच्या खिडक्या एवढ्याशा की त्या सहा तासांतलाही प्रकाश आत येताना कंजुषी करतो. १८९८ साली अंटार्क्टिकच्या बर्फात अडकलेल्या 'बेल्जिका' जहाजावरच्या माणसांना दोन महिन्यांहून अधिक काळ सूर्यच दिसला नाही. त्यांना स्कर्व्ही, म्हणजे ताज्या अन्नाअभावी होणारा रोग, झाला, नाडी मंद झाली, काहींचे मन ढळले. जहाजावरचा डॉक्टर फ्रेडरिक कुक याने त्यांना सील आणि पेंग्विनचे ताजे मांस खायला लावले आणि एकेकाला उघड्या अंगाने शेगडीच्या ज्योतीसमोर बसवले. पुढे दक्षिण ध्रुवावर पोहोचलेला रोआल्ड अमुंडसेन तेव्हा त्या जहाजावर अधिकारी होता. कुकच्या या उपचारातले किती ज्योतीचे आणि किती मांसाचे हे सांगणे अवघड नाही, स्कर्व्ही मांसाने गेला. पण ज्योतीपुढे बसण्याचा उपचार मी स्वतःवर रोज करते, आणि संध्याकाळी साडेतीन वाजता त्याला हसण्याची माझी छाती होत नाही.

फेब्रुवारीत बर्फ बोटीला चारही बाजूंनी पक्का धरतो आणि मग एक विलक्षण शांतता येते. शिडाचे दोर डोलकाठीवर आपटू नयेत म्हणून मी ते बाजूला ओढून बांधलेले असतात. लाटा नाहीत, बांधलेल्या दोरांची करकर नाही. रात्री कधी तापमान एकदम उतरले तर बर्फाच्या पोटातून एक लांब, ताणलेला आवाज बंदराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत जातो. तार छेडल्यासारखा. एरवी काही नाही. बोट हलत नाही, आणि हे कळत-नकळत अंगात मुरते. मी भांडी कपाटात अडकवून ठेवायचे सोडते. कागद टेबलावर पसरलेले राहतात. मेणबत्ती उभी राहते. चालताना वरच्या कठड्याला धरायला आपोआप जाणारा हात खालीच राहतो. माझे घर त्या महिन्यात खरोखरच घरासारखे वागते, फक्त सकाळी उठून मी हॅचची चौकट जुन्या फडक्याने पुसते, फडके बादलीत पिळते, आणि आदल्या रात्रीचे आपले श्वास किती भरले ते पाहते. हॅच दोन बोटे उघडी ठेवून झोपायची सवय लागल्यापासून ते अर्ध्या वाटीच्या वर जात नाहीत.

यंदा बर्फ मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात गेला. मला त्याचा आवाज आला नाही. रात्री वारा दक्षिणेकडून सुटला होता, सकाळी मी कप भरून टेबलाच्या कडेला ठेवला, जसा महिनाभर ठेवत होते, आणि खिडकी पुसायला वळले. पायाखालची जमीन किंचित कलली. खिडकीबाहेर शेजाऱ्याची डोलकाठी एका बाजूला जाऊन परत आली. मागे कप घसरल्याचा आवाज झाला, मी हात पुढे केला तोवर तो फुटलेला होता आणि चहा फळ्यांच्या फटींतून खाली तळात चालला होता. हातात फडके होतेच, आधीच ओले. त्यानेच मी खाली बसून तो पुसून घेतला.